जुन्या रेकॉर्डच्या दुकानातून पहिली रेकॉर्ड कशी घ्यावी

मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस, गाण्यांच्या रेकॉर्डी-कॅसेटचं जुनं दुकान, २०१६ ला बंद झालं तेव्हा खूप जण हळहळले, मी पण. पण आधीची कित्येक वर्षं आपण तिथे जाणं सोडलं होतं, हे पण खरंय. मोबाईलवर सगळं मिळतं म्हणतात, नाही मिळत हो. कितीतरी जुनी नाट्यपदं, भावगीतं फक्त ७८ आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या जुन्या रेकॉर्डवर निघाली, पुढे ना कॅसेट आली ना सीडी, ती सापडली तर जुन्या रेकॉर्डच्या दुकानांतल्या थप्प्यांतच सापडतात.

तर मुंबईत असाल तर चोरबाजारात मटण स्ट्रीटला जा, फक्त शुक्रवार सोडून, त्या दिवशी दुकानं बंद असतात. गेल्या गेल्या भाव विचारू नका, काय ऐकायला आवडतं ते सांगा. मी बालगंधर्व मागायला गेलो होतो, दुकानदार म्हणाला हिराबाई ऐकल्यात का, आणि खालच्या थप्पीतून हिराबाई बडोदेकरांची रेकॉर्ड ओढून काढली, फडक्याने पुसली आणि लावली. तीन-साडेतीन मिनिटं आम्ही दोघं काही बोललोच नाही.

घेताना रेकॉर्ड कडेने धरा, खाचांवर बोटं नकोत. उजेडात तिरकी करून बघा, वरवरचे बारीक ओरखडे चालतात पण नखाला लागेल असा चरा नको. मग डोळ्यांसमोर आडवी धरा, वाकलेली असेल तर लगेच कळतं. ७८ ची असेल तर कडेला तडा गेलाय का नीट बघा, ती लाखेची असते, हातातून पडली की गेलीच. एलपी, म्हणजे नंतर आलेली ३३ च्या स्पीडची जास्त वेळ चालणारी रेकॉर्ड, विनाइलची (एक प्रकारचं प्लास्टिक), त्यामानाने दणकट. आणि लावून दाखवा म्हणा, त्यात लाजायचं काही नाही.

प्लेअरला ७८ चा स्पीड आहे का ते आधी बघा, हल्लीच्या बऱ्याच प्लेअरवर ३३ आणि ४५ च असतो. ७८ ची खाच रुंद असते म्हणून सुईपण वेगळी लागते. स्पिरिटने अजिबात पुसू नका, लाख विरघळते.

घासाघीस करा, पण दुकानात तासभर ऐकून, लेबलचे फोटो काढून मग ऑनलाइन स्वस्त शोधायचं हे प्लीज करू नका, त्यानेच ही दुकानं मरतायत.

आणि माळ्यावर आजोबांच्या रेकॉर्डी असतील तर भंगारवाल्याला द्यायच्या आधी अशा एखाद्या दुकानात दाखवा. नेताना उभ्या ठेवा, मध्ये पुठ्ठे घाला.