पंप २० मिनिटांनी बंद पडायचा

मुंबईत हिंदमाताजवळच्या आमच्या चाळीत पावसाचं पाणी उपसायला पेट्रोलवर चालणारा छोटा पंप आहे. यंदा तो २० मिनिटं चालून बंद पडायचा, थोडं थांबलं की पुन्हा सुरू. प्लग बदलला, कार्ब्युरेटर (पेट्रोल नि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) साफ केला, तरी तेच. शेवटी बंद पडल्याबरोबर टाकीचं झाकण सैल केलं आणि ‘फुस्स’ करून हवा आत ओढली गेली! झाकणातलं हवेचं बारीक भोक चिखलानं बुजलं होतं. जेवढं पेट्रोल खाली जातं तेवढी हवा आत यायलाच हवी, नाहीतर कार्ब्युरेटर उपाशी. इंजिन थंड करून झाकण धुतलं, वाळवलं. आता टाकी संपेपर्यंत चालतो. शेजारचे काका म्हणाले, भोक मोठं कर. मी ठाम नाही म्हटलं: पंप कलंडला तर पेट्रोल सांडेल, शिवाय वाफ हवेपेक्षा जड, जिन्याखाली साचते.