अभ्यासक्रमाच्या सक्तीवर हरकत कशी नोंदवावी
‘केंद्राची सक्ती नको’ एवढेच लिहून भागत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० राबवणाऱ्या शासन निर्णयाचा दिनांक, आक्षेपार्ह वाक्य आणि वर्गातला परिणाम, उदाहरणार्थ नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्यात घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलणाऱ्या पहिलीच्या मुलावर पडणारा भाषांचा भार, नेमका मांडावा. पहिलीपासून तिसरी भाषा शिकवण्याचे राज्य सरकारचे दोन्ही शासन निर्णय रद्द केल्याची घोषणा २९ जून २०२५ रोजी झाली, म्हणून जुना आदेश उद्धृत करू नये. जिल्हा परिषदेच्या शाळेत आधी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घ्यावा. तिच्यात किमान पंचाहत्तर टक्के पालक असतात. ठराव नाशिकच्या प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे देऊन शिक्क्यासह पोच घ्यावी. तोंडी आश्वासनावर मुळीच विसंबू नये.