निगेटिव्ह इंडेक्सचा प्रोजेक्ट घेताय? आधी हॉर्न कसा लावलाय ते बघा

एमेस्सीच्या शेवटच्या वर्षी मेटामटेरियलचा (छोट्या छोट्या धातूच्या रचनांनी बनवलेल्या कृत्रिम मटेरियलचा) प्रोजेक्ट घेतला तेव्हा मला वाटायचं, काचेचा इंडेक्स (अपवर्तनांक) दीड तसा ह्याचा उणे एक, संपला विषय. ज्युनिअर्स सारखं विचारतात म्हणून लिहितेय.

आधी घरीच फेरिक क्लोराईडमध्ये तांब्याचा थर असलेली कार्डं एच करून (नको ते तांबं विरघळवून) बघितली, बारीक रेषा खाल्ल्या गेल्या आणि मोरीत जो पिवळा डाग पडला त्यावरून आई अजून बोलते. मग पीसीबीवाल्याकडून (सर्किट बोर्ड बनवणाऱ्याकडून) करून घेतली, एका बाजूला तीनेक मिलिमीटरच्या स्प्लिट रिंग (फट असलेल्या तांब्याच्या रिंग), मागे तांब्याच्या उभ्या पट्ट्या. 10 गिगाहर्ट्झला वेव्हलेंग्थ 3 सेंटिमीटर, म्हणून रिंग इतक्या छोट्या. भांडुपहून लोकलमध्ये ती कार्डं डब्याच्या पिशवीत छातीशी धरून नेली, बेंचवर मायक्रोवेव्ह सोडणाऱ्या आणि झेलणाऱ्या दोन हॉर्नच्या (कर्ण्यासारख्या अँटेनांच्या) मधे उभी लावली, आणि पंधरा दिवस ग्राफ सपाट. लहर अशी आरपार जात होती की जणू मधे साधं प्लास्टिक ठेवलंय. मी कार्डांना दोष दिला, केबलला दिला, लॅमिंग्टन रोडवरून नवीन कनेक्टर आणले, काही नाही.

मॅडम आल्या, हॉर्नकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘अगं, हा आडवा कोणी लावला?’ आधीच्या बॅचने दोन्ही हॉर्न 90 अंशात फिरवून ठेवले होते, आणि मी तसेच वापरत होते.

पट्टीत करंट वाहायला लहरीचं E (इलेक्ट्रिक) फील्ड पट्टीच्या लांबीतच हवं, आणि रिंग जागी व्हायला H (मॅग्नेटिक) फील्ड रिंगच्या भोकातून आरपार जायला हवं. दोन्ही जमलं तरच एप्सिलॉन आणि म्यू (मटेरियलचा इलेक्ट्रिक आणि मॅग्नेटिक प्रतिसाद) दोन्ही उणे, आणि मग इंडेक्स उणे. हॉर्न फिरवला की दोघंही झोपलेले. म्हणजे माझं सॅम्पल एकाच पोलरायझेशनला (E च्या एकाच दिशेला) निगेटिव्ह, दुसऱ्याला साधं फळकूट. 2001 मध्ये शेल्बी, स्मिथ आणि शुल्ट्झ यांनी निगेटिव्ह इंडेक्सचा जो प्रिझम दाखवला तोसुद्धा एकाच पोलरायझेशनचा होता. ओळखायची खूण: वेव्हगाईडची (हॉर्नमागच्या आयताकृती धातूच्या नळीची) जी बाजू अरुंद, त्या दिशेत E. एक्स-बँडचा (10 गिगाहर्ट्झच्या आसपासचा) वेव्हगाईड 22.86 बाय 10.16 मिलिमीटर, डोळ्यांनी दिसतं हो, पण बघायला पाहिजे ना!

व्हायवात वेगळीच फजिती. ‘लेफ्ट-हँडेड मटेरियल म्हणजे त्यातून डावं सर्क्युलर पोलरायझेशन (E डावीकडे गोल फिरणारी लहर) निघतं का?’ मी झोकात ‘हो’ म्हणाले. चूक. सोव्हिएत शास्त्रज्ञ व्हेसेलागोने 1967 मध्ये दाखवलं ते एवढंच की E, H आणि k (फेज सरकायची दिशा) डाव्या हाताच्या नियमात बसतात, म्हणजे एनर्जी पुढे जाते आणि फेज (लहरीचे उंचवटे) मागे येते. सरळ आत शिरलेली लिनिअर (E एकाच रेषेत असलेली) लहर लिनिअरच राहते, निगेटिव्ह इंडेक्स तिला आपण होऊन फिरवत नाही. सर्क्युलर लहर घेतली तर एका जागी उभं राहून E बघा, फिरतं त्याच बाजूला, पण k उलटा झालाय, म्हणून k धरून मोजलं तर उजवी लहर डावी निघते आणि एनर्जीची दिशा धरली तर उजवीच. तेव्हा उत्तर देण्याआधी कुठली दिशा धरताय ते सांगा. मी सांगितलं नाही, मार्क गेले.

पोलरायझेशन खरंच फिरवायचं असेल तर पीळ हवा, कायरल रचना. आपल्या जगदीशचंद्र बोसांनी 1898 मध्ये पिळलेला ताग ठेवून मायक्रोवेव्हचं पोलरायझेशन फिरवलं होतं, उजवा पीळ एका बाजूला, डावा दुसऱ्या. पीळ पुरेसा जोरदार असला तर उजव्या-डाव्या सर्क्युलर लहरींपैकी एकीचाच इंडेक्स उणे होऊ शकतो, ही वाट ब्रिटिश शास्त्रज्ञ पेंड्रीने 2004 मध्ये सुचवली. मला परत प्रोजेक्ट मिळाला तर हाच घेईन.

त्या दिवशी मी दोन्ही हॉर्नवर लाल नेलपॉलिशने E चा बाण काढला. अजून आहे तो, नवीन पोरांना वाटतं कंपनीचीच खूण आहे.