पाणी नितळ आहे, पण तयार आहे का? मरीन टाकी सायकल करताना या चुका टाळा

महिन्यातून दोन-तीनदा तरी रात्री साडेदहानंतर व्हॉट्सॲपवर फोटो येतो. नवीकोरी मरीन टाकी, म्हणजे समुद्री माशांची खाऱ्या पाण्याची टाकी, निळा दिवा, पांढरी शुभ्र वाळू आणि वाळूवर कुशीवर पडलेला एक क्लाऊन मासा. खाली प्रश्न: "दादा, पाणी तर एकदम क्लिअर आहे, मग काय झालं?" टाकी लावून किती दिवस झाले असं विचारलं की उत्तर येतं, "चार दिवस". फार संयमी माणूस असेल तर "एक आठवडा".

अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. टाकी दुधासारखी गढूळ असून निर्धोक असू शकते आणि काचेसारखी नितळ असून जीवघेणी असू शकते. मासा कल्ल्यांतून अमोनिया टाकतो, उरलेलं खाद्य कुजलं की त्यातूनही तोच सुटतो. जिवाणूंची एक फळी त्याचं नायट्राइट करते, दुसरी फळी नायट्राइटचं नायट्रेट. हे जिवाणू पाण्यात कमी आणि दगडावर, वाळूवर, फिल्टरमध्ये जास्त राहतात. दह्याचं विरजण एका रात्रीत लागतं, हे तसे वाढत नाहीत. त्यांची संख्या दुप्पट व्हायलाच साधारण एक दिवस किंवा जास्त लागतो. या जिवाणूंची फौज टाकीत उभी करणं म्हणजेच टाकी 'सायकल' करणं, आणि म्हणून नव्या टाकीला त्यासाठी चार ते सहा आठवडे लागतात. चांगल्या बाटलीतले जिवाणू घातले तर दोन-तीन. चार दिवस कुणालाच पुरत नाहीत.

गोड्या पाण्यात गोल्डफिश पाळून आलेल्यांना हे पटत नाही, कारण "तिकडे तर दुसऱ्या दिवशी मासे सोडले होते, काही झालं नाही". तिकडे पीएच 7 च्या आसपास होता, तिथे अमोनियाचा बराचसा भाग अमोनियमच्या सौम्य रूपात राहतो. समुद्राच्या पाण्याचा पीएच 8.1 ते 8.4. तितक्याच अमोनियातला विषारी हिस्सा इथे दहापटीहून जास्त भरतो.

चूक पहिली: दुकानदाराच्या शब्दावर मासे आणणे

ही माझी स्वतःची. डोंबिवलीच्या घरात तीन फुटी टाकी लावली, दगड-वाळू धरून पाणी दीडशे लिटर. दुकानातून जिवाणूंची बाटली घेतली. "ही ओता, आठव्या दिवशी मासे सोडा, गॅरंटी." मे महिना होता. बाटली दुकानात काचेलगत, दुपारचं ऊन लागेल अशा फळीवर ठेवलेली. ते तेव्हा मला खटकलं नाही. आत जिवंत काही उरलं असण्याची शक्यता फार कमी होती, पण उघडल्यावर वास आला, म्हणजे जिवाणू असणार, असा माझा निष्कर्ष.

आठव्या दिवशी क्लाऊनची जोडी आणली. दोन दिवस मजेत. तिसऱ्या रात्री दोघंही पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून, कल्ले भराभर हलताहेत. अमोनिया मोजायचं टेस्ट किट घरात होतं, सील न फोडलेलं. फोडलं. परीक्षानळीत पाच मिली पाणी, थेंब मोजून टाकले आणि पाच मिनिटं थांबायचीही गरज पडली नाही. पिवळा रंग, म्हणजे शून्य, यायला हवा होता, तो मिनिटाभरात शेवाळी हिरवा झाला आणि गडद होत गेला.

खरी अडचण पुढे होती. अर्धं पाणी बदलायचं तर मीठ घातलेलं पाणी तयार हवं. माझ्याकडे ना साठवलेलं आरओ पाणी, ना कालवलेलं मीठ. नळाला पाणी सकाळी सहाला. एक मासा पहाटे गेला. दुसरा मित्राच्या जुन्या टाकीत नेऊन सोडला, बादलीत झाकण लावून, रिक्षात मांडीवर. तो वाचला आणि अजून मित्राकडेच आहे. परत मागायचं तोंड नव्हतं.

तेव्हापासून माझ्याकडे दोन गोष्टी कायम असतात. पन्नास लिटरचा झाकणाचा ड्रम, त्यात 1.025 घनतेचं कालवलेलं खारं पाणी आणि आत फिरणारा छोटा पंप. आणि टाकीशेजारी दोरीने बांधलेली शाळेची वही. रोज एक ओळ: तारीख, अमोनिया, नायट्राइट, तापमान. ॲप वगैरे नको. वही समोर लटकत असली की चुकवता येत नाही.

बाटलीच्या विरोधात मी नाही. पण ती फ्रिजमध्ये ठेवणाऱ्या दुकानातून घ्या, मुदत बघा, आणि घातल्यावरही टेस्टवरच विश्वास ठेवा.

चूक दुसरी: डॅमसेल मासे सोडून सायकल करणे

"डॅमसेल काटक असतात, त्यांच्यावर सायकल होऊन जाते." पूर्वी सर्रास चालायचं. कल्ले भाजून घेत जगणाऱ्या माशाला मी काटक म्हणत नाही. आणि ज्यांना माशाची दया येत नाही त्यांच्यासाठी व्यवहाराचं कारण: वाचलेला डॅमसेल टाकीचा मालक होतो. पुढे शंभर रुपयांचा तो मासा तुमच्या हजारांच्या माशाचे पंख कुरतडतो, आणि त्याला पकडायला सगळे दगड उपसावे लागतात.

चूक तिसरी: कोळंबी मोजून न घालणे

मासा न घालता अमोनिया आणायचा तर जुना उपाय म्हणजे बाजारातली कच्ची कोळंबी. दीडशे लिटरला एक मध्यम कोळंबी, नायलॉनच्या जाळीत बांधून, म्हणजे नंतर काढता येते. माझ्या एका मित्राने मूठभर घातली. "जास्त अमोनिया, जास्त जिवाणू, लवकर काम." किटचा रंग तक्त्याच्या शेवटच्या खान्यापलीकडे गेला. पाचव्या दिवशी जिन्यापर्यंत वास. त्याच्या आईने दारातूनच विचारलं, "मासे पाळतोयस की सुकवतोयस?" अमोनिया 5 पीपीएमच्या (लिटरमागे 5 मिलिग्रॅमच्या) वर गेला की ज्या जिवाणूंसाठी हा खटाटोप, तेच मंदावतात. महिनाभर आकडा हलला नाही. शेवटी ऐंशी टक्के पाणी फेकून पहिल्यापासून सुरुवात.

मी आता अमोनियम क्लोराइड वापरतो. म्हणजे आपला नवसागर, कल्हईवाला वापरायचा तोच. पण कल्हईचा नवसागर टाकीत घालू नका, त्यात काय मिसळलंय कुणास ठाऊक. प्रयोगशाळेच्या दर्जाचा घ्या. दीडशे लिटरला 2 पीपीएम आणायला जेमतेम एक ग्रॅम लागतो. हो, एक. चमच्याने अंदाजे घालणारे लोक मला नंतर फोन करतात, म्हणून सांगतो: छोटा डिजिटल काटा घ्या.

चूक चौथी: अमोनिया शून्य झाला की पेढे वाटणे

पंधराव्या-सोळाव्या दिवशी अमोनिया शून्यावर येतो आणि लोक थेट क्रॉफर्ड मार्केटची गाडी पकडतात. तेव्हा नायट्राइट शिखरावर असतो. नायट्राइटच्या बाबतीत समुद्राचं पाणी दयाळू आहे, त्यातला क्लोराइड माशाच्या कल्ल्यांत नायट्राइट शिरू देत नाही, त्यामुळे गोड्या पाण्यातल्याइतकी हानी होत नाही. हे वाचून काही हुशार मंडळी "मग थांबायचं कशाला?" असं विचारतात. थांबायचं कारण दुसरी फळी उभी राहिली की नाही, हे नायट्राइटच सांगतो. शिवाय नायट्राइट भरपूर असताना नायट्रेटची टेस्ट खोटा, फुगलेला आकडा दाखवते आणि "नायट्रेट आलं, सायकल झाली" अशी बतावणी सुरू होते.

माझी कसोटी एकच. रात्री 2 पीपीएम अमोनिया घालायचा. चोवीस तासांनी अमोनिया शून्य आणि नायट्राइटही शून्य. असं लागोपाठ दोनदा झालं तर झालं. बेचाळीस दिवस भरले असतील आणि ही कसोटी पास होत नसेल तर सायकल झालेली नाही.

रंग दिवसाउजेडी, खिडकीपाशी, पांढऱ्या कागदावर बघा. टाकीच्या निळ्या दिव्यात पिवळाही हिरवा दिसतो. नायट्रेट किटमधली दुसरी बाटली अर्धा मिनिट जोरात हलवल्याशिवाय थेंब टाकू नका, पावडर तळाला बसलेली असते.

आता भराभर

नळाचं पाणी थेट नको. क्लोरीन मारायला आलेलं असतं ते जिवाणूंनाच; सोसायटीची टाकी ब्लीचिंग पावडरने धुतलेल्या दिवशी तर बादलीसुद्धा भरू नका. घरच्या प्यायच्या आरओचं पाणीही अपुरं, पुढे उरलेसुरले क्षार काढणारं डीआय रेझिन हवं आणि विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य.

जुहू-गिरगावचं समुद्राचं पाणी फुकट आहे आणि त्याच लायकीचं आहे. पावसाळ्यात तर किनाऱ्यालगत खारटपणाही उतरलेला असतो.

स्वयंपाकाचं मीठ? नाही. त्यात समुद्राच्या पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, बाकीचे क्षार जवळजवळ नसतात.

बाष्पीभवनाने पातळी उतरली की गोडं पाणी घाला, खारं नाही. मीठ उडून जात नाही.

खारटपणा मोजायचे काट्याचे प्लास्टिक हायड्रोमीटर खोटं बोलतात. प्रकाश किती वळतो त्यावरून खारटपणा सांगणारा रिफ्रॅक्टोमीटर घ्या आणि 35 पीपीटीच्या (हजारात 35 भाग मिठाच्या) द्रावणावर जुळवा.

सायकल चालू असताना दिवे बंद. दिवे लावून तपकिरी शेवाळ आल्यावर "टाकी खराब झाली" म्हणून वाळू धुवायला काढणारे लोक मी पाहिलेत. ते डायटम असतात, नव्या टाकीत येतात आणि जातात. नळाखाली वाळू आणि फिल्टर धुतला की तीन आठवड्यांची कमाई मोरीत. जंतू मारणारा यूव्ही दिवाही बंद ठेवा, फेसातून घाण काढणारा स्किमर मी बंद ठेवतो.

पंप मात्र क्षणभरही बंद नको. हे जिवाणू ऑक्सिजनवर जगतात. आमच्याकडे उन्हाळ्यात वीज दोन-दोन तास जाते, म्हणून बॅटरीवर चालणारा एअर पंप शेल्फवर असतो.

मालवणला स्नॉर्केलिंगला जाऊन पिशवीत प्रवाळाचा दगड घेऊन येणाऱ्यांना हात जोडून विनंती. 1987 पासून तिथे सागरी अभयारण्य आहे, आणि 2001 पासून खडक बांधणारे सगळे प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. मेलेला तुकडाही चालत नाही. "लाइव्ह रॉक (समुद्रातून जिवाणूंसकट काढलेला दगड) मिळेल का" असं मला विचारू नका. सिरॅमिक किंवा कोरडा दगड घ्या आणि ओळखीच्या जुन्या टाकीतून स्पंजचा एक तुकडा मागून आणा. याहून चांगलं विरजण दुकानात मिळत नाही.

कसोटी पास झाली की अर्ध्याहून जास्त पाणी बदला, साठलेला नायट्रेट उतरवा, आणि दोन लहान मासे आणा. दोन. पुढचे तीन आठवड्यांनी, कारण जिवाणूंची संख्या मिळणाऱ्या अन्नाइतकीच राहते. मासे आणायला उशीर होणार असेल तर दर दोन दिवसांनी चिमूटभर खाद्य किंवा थोडा अमोनिया घालत राहा, नाहीतर तयार फौज उपाशी ओसरते.

सध्या नाशिकचा एक पोरगा एकोणिसाव्या दिवसावर आहे. अमोनिया शून्य, नायट्राइट गडद जांभळा. रोज रात्री नळीचा फोटो पाठवतो, खाली फक्त "आज?" असं लिहितो. मी "नाही" लिहून झोपतो.