पक्ष्यांच्या दाण्यांसाठी करवंटी

गोव्यातल्या पावसात पक्ष्यांसाठी ठेवलेल्या दाण्यांना लगेच बुरशी धरते, आणि विष्ठा मिसळलेल्या त्याच दाण्यांतून पक्ष्यांत रोग पसरतो. प्लास्टिकचं भांडं घासत बसण्यापेक्षा नारळाची करवंटी बरी, घरात रोज निघतेच.

१. तळाला दोन भोकं पाडून वळचणीखाली टांगा.
२. संध्याकाळपर्यंत संपतील एवढेच दाणे घाला. उरलेले टाकून द्या.
३. आठवड्याने करवंटी न्हाणीच्या चुलीत, नवी टांगा. खालची जमीनही झाडा.

पाण्याचं मातीचं भांडं मात्र रोज घासून भरावं, नाहीतर डासांचीच सोय.

पिसं फुगवून सुस्त बसलेला किंवा मेलेला पक्षी दिसला तर दाणापाणी दोन आठवडे बंद. उघड्या हाताने त्याला शिवू नका.