वडापाव घरी नेताना

दादरहून वडापाव बांधून घेतला की लोकल बोरिवलीला पोहोचेपर्यंत पावाचा लगदा होतो. त्यावर उपाय:

१. आधी कढईकडे बघा. नवा घाणा पडताना दिसला की मगच ऑर्डर द्या.

२. "वडे वेगळे, पाव वेगळे" असं पैसे देतानाच सांगा. सुकी लसूण चटणी पुडीत घ्या, ओली घरी करा. चुरा (तळताना सुटलेले बेसनाचे कुरकुरीत कण) मिळत असेल तर मागून घ्या. दादरच्या कीर्ती कॉलेजजवळ लोक त्यासाठीच तर जातात!

३. वडे कागदी पिशवीत, तोंड उघडं ठेवून न्या. प्लॅस्टिकमध्ये वाफ धरते.

घरी कोरड्या तव्यावर वडे मंद आचेवर परता, झाकण नको.

मात्र छापील वर्तमानपत्रात वडे बांधू देऊ नका. शाई तेलात उतरते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्येच तशी सूचना काढली होती.