मासा सुटला? आधी दोरीचं टोक बघा : वॉलआय आणि बास गरवताना या चुका टाळा

मे महिन्यातल्या एका शनिवारी अमेरिकेतल्या मिनेसोटात वॉलआय या गोड्या पाण्यातल्या माशाचा मोसम उघडतो. त्या पहाटे कुठल्याही मोठ्या तळ्याच्या बोट रॅम्पवर उभं राहिलं की आपली दोन-चार मराठी माणसं हमखास दिसतात. रॉड नवा, रील नवं, टोपीला दुकानाचं लेबल अजून लटकतंय. आणि दुपारी त्यांच्यातल्याच एकाचा फोन येतो, "काका, मोठा होता हो, सुटला!"

मी एकच विचारतो, "दोरीचं टोक कसं आहे?"

टोक कोणी बघितलेलंच नसतं. नवीन जिग (शिशाच्या डोक्याचा गळ) बांधून मंडळी पुन्हा सुरू झालेली असतात, तीच चूक नव्याने करायला.

मी मालवणच्या धक्क्यावर गरवायला शिकलो. रॉड नव्हताच. तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, बोटावरून सोडायची, शिसं तळाला टेकलं की थांबायचं. इथे आल्यावर वाटलं, आपल्याला काय शिकायचंय? पुढची दोन वर्षं मी जे मासे घालवले त्यांच्या जिवावर हा लेख लिहितोय.

टोक वाचायला शिका

तुटलेलं टोक खोटं बोलत नाही. ते डुकराच्या शेपटीसारखं पिळवटलेलं असेल तर दोरी तुटलीच नाही, गाठ सरकली. टोक खरबरीत, पिंजलेलं असेल तर दोरी दगडावर नाहीतर झेब्रा शिंपल्यांवर घासली. इथल्या मिल लॅक्स तळ्यात हे शिंपले 2005 साली सापडले आणि आता दगडांवर त्यांची धारदार साल चढलेली असते. आणि ब्लेडने कापावं तसं टोक साफ असेल, तर नॉर्दर्न पाइक या दातेरी माशाने दात मारला. त्यात तुमचा दोष नाही, जिग गेली म्हणायची आणि दुसरी बांधायची.

माझं टोक पिळवटलेलं निघालं होतं. सप्टेंबरातली संध्याकाळ, मिल लॅक्सच्या दगडी उंचवट्यावर आमची बोट. हे तळं पाचशे चौरस किलोमीटरच्या वर आहे, वारा सुटला की समुद्राची आठवण करून देतं. त्या वर्षी मी पहिल्यांदाच ब्रेड भरली होती. ब्रेड म्हणजे पाव नव्हे, विणलेली दोरी. तंगुशीपेक्षा बारीक, ताणली न जाणारी आणि रेशमासारखी गुळगुळीत. तिला मी जन्मभर तंगुशीला मारत आलो ती क्लिंच गाठ मारली. वॉलआय लागला. वॉलआय हा बास या दुसऱ्या माशासारखा हवेत उड्या मारत नाही, खाली राहून जड मान हलवतो. तशी तीन वेळा मान हलली आणि पुढे काहीच नाही. हलकी दोरी वर आली.

मी काय केलं? तीच गाठ पुन्हा मारली. दहा मिनिटांनी दुसरा मासा, पुन्हा तेच.

सोबत शेजारचे निवृत्त आजोबा होते. पन्नास वर्षं त्याच तळ्यावर काढलेला माणूस. ते एक अक्षर बोलले नाहीत. माझी दोरी हातात घेतली, दुहेरी करून जिगच्या डोळ्यातून काढली, तिची सैल साधी गाठ मारली, राहिलेल्या फासातून अख्खी जिग ओवली, गाठीवर थुंकले, सावकाश आवळली आणि रॉड परत दिला. ही पालोमार गाठ. त्या रात्री तिसरा मासा बोटीत आला, पण मला अजून पहिले दोनच आठवतात.

क्लिंच वाईट नाही. तंगुशीला आणि फ्लुओरोकार्बनच्या दोरीला ती चालते, गुळगुळीत ब्रेडवर मात्र घसरते. आणि दोरी कुठलीही असो, गाठ कोरडी आवळू नका. घर्षणाने दोरी तापते आणि जिथे जोर हवा तिथेच कमजोर होते. फ्लुओरोकार्बनला हे सगळ्यात जास्त बाधतं. थुंकी लावायला लाजणाऱ्यांसाठी तळ्यात भरपूर पाणी आहे.

माझी सवय सांगतो. गाठ झाली की जिग बोटीच्या खुंटीला अडकवायची आणि दोरी हाताला गुंडाळून ओढायची. सुटायची असेल तर इथे सुटू दे. दर दोन-तीन माशांनंतर शेवटची दोन फूट दोरी चिमटीतून फिरवायची, खरखर लागली की तेवढी कापून नवी गाठ. आणि सकाळी निघताना सगळ्या रॉडच्या गाठी नव्याने, कालची कितीही चांगली दिसली तरी. बायको म्हणते, देवपूजेला कधी एवढा वेळ दिला नाहीत.

"ड्रॅग बिघडलाय" म्हणजे बहुतेक बिघडलेला नसतो

ड्रॅग म्हणजे रीलचा ब्रेक, मासा ओढायला लागला की किती ताणावर दोरी सुटेल ते ठरवणारा. मंडळातला एक मुलगा रील घेऊन घरी आला. "काका, ड्रॅग पूर्ण आवळला तरी दोरी सुटतेच. वॉरंटीत देतो बदलून." मी दोरी धरून ओढली. स्पूल, म्हणजे रीलमधली दोरीची फिरकी, जागचं हललंही नाही, पण त्यावरचं दोरीचं अख्खं भेंडोळं गरगर फिरलं.

गुळगुळीत धातूच्या स्पूलवर ब्रेड थेट गुंडाळली की तिला धरायला काही नसतं. आधी तंगुशीचे पंधरा-वीस वेढे घालायचे आणि त्याला ब्रेड जोडायची. नाहीतर विजेच्या कामाची चिकटपट्टी एक वेढा लावायची. दोन मिनिटांचं काम. पण दुकानातून गाडीत आणि गाडीतून बोटीत जायची घाई असली की दोन मिनिटंही जड होतात. वर त्याने ड्रॅग पकडीने आवळला होता. ती खूण अजून नॉबवर आहे.

ड्रॅगबद्दल एवढंच: दोरीच्या ताकदीच्या पाव हिश्शावर ठेवा. 8 पौंडाच्या दोरीला साधारण 2 पौंड. मोजायचा कसा? भारतात जाताना बॅगा तोलायचा काटा प्रत्येकाच्या घरी आहेच, तो दोरीला अडकवून ओढा.

हिसका

आता माझा लाडका राग.

व्हिडिओत बासवाले दादा दोन्ही हातांनी रॉड असा उचलतात की मासा पाण्यातून उडून कॅमेऱ्यावर यावा. आपली मुलं ते बघतात आणि तोच हिसका वॉलआयला देतात. मग गळावर आमिषाची अर्धी जळू उरते.

वॉलआय चावत नाही, ओढून घेतो. तोंड आणि कल्ले झटकन फाकवले की पाणी आत जातं, पाण्याबरोबर आमिष. दोरी ताठ असेल तर आमिष पुरतं आत जातच नाही. मासा जळूचं टोक ओठात धरून असतो. तुम्हाला वाटतं टकटक झाली, तुम्ही हिसका मारता आणि ते टोक त्याच्याकडे राहतं. फुकटचं जेवण.

माझा भाचा पुण्याहून आला होता. बाहेरच्यांसाठी 24 तासांचं लायसन मिळतं, ते काढलं आणि जूनमधल्या एका संध्याकाळी त्याला नेलं. लिंडी रिग बांधून दिली: दोरीवर मोकळं सरकणारं शिसं, खाली स्विव्हल (फिरती कडी), मग चारेक फुटांची बारीक दोरी आणि लहान गळ. जळू जाड टोकाच्या चोषकातून अडकवली, म्हणजे ती फितीसारखी पोहते. शिसं दोरीवर मोकळं का, तर मासा आमिष घेऊन निघाला की त्याला वजन जाणवू नये म्हणून. पण ही सोय तुम्ही दोरी सोडलीत तरच कामाची.

भाच्याने ओळीने सात घालवले. मोजले मी. प्रत्येक वेळी, "मामा, होता!" आणि रॉड आकाशात. शेवटी मी म्हटलं, "हे बघ, टकटक झाली की बोटावरची दोरी सोडायची आणि 'शुभं करोति' म्हणायला लागायचं. दिवेलागणीची वेळ आहेच. पहिल्या दोन ओळी सावकाश. मग बेल (रीलवरची दोरी अडवणारी तार) मिटायची, सैल दोरी गुंडाळत न्यायची, आणि पलीकडे वजन लागलं की रॉड बाजूला ओढायचा. वर नाही, बाजूला."

आठव्या वेळी तो 'शत्रुबुद्धिविनाशाय' पर्यंत पोहोचला. अठरा इंचांचा वॉलआय आला. कॉलेजात शिकणारा पोरगा, डोळ्यांत पाणी.

हा नियम सगळीकडे चालवू नका मात्र. प्लास्टिकचं गांडूळ टेक्सस रिगवर, म्हणजे गळाचं टोक त्यातच लपवून, लावून बास गरवत असाल तर स्तोत्र म्हणत बसायचं नाही. लार्जमाउथ बासला तोंडात प्लास्टिक आहे हे लवकर कळतं आणि तो ते थुंकतो. दोरी बाजूला सरकताना दिसली की सैल भाग गुंडाळायचा आणि लगेच जोरात ओढायचं. पण तोच बास मिनेटोंका तळ्याच्या शेवाळावर फिरवलेल्या रबरी बेडकावर धाड घालतो तेव्हा थांबायचं. आवाज होतो, पाणी उडतं, आपले हात आपोआप वर जातात आणि बेडूक नाकावर येऊन आदळतो. रॉडला वजन लागेपर्यंत हात आवरा. मला हे अजूनही दहातल्या तीन वेळा जमत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

बासला अंगठ्याने खालच्या ओठाला धरतात, कारण त्याचे दात काचकागदासारखे बारीक. वॉलआयला तसं धरू नका, त्याला खरे सुळे असतात. कल्ल्याच्या झाकणाची कडही कापते आणि पाठीवरचे काटे वेगळेच. ओल्या हाताने पोटाखाली आधार द्या.

जड जिग लांब जाते म्हणून जड जिग घेऊ नका. आठ-दहा फूट पाण्यात वारा नसेल तर आठवा हिस्सा औंस पुरते. तळ जाणवेल एवढंच वजन हवं. जड जिग माशाच्या तोंडात ओढली जात नाही. कारण वर सांगितलंच.

भर दुपारी, स्थिर पाण्यावर, लख्ख उन्हात वॉलआय शोधणारे मला दरवर्षी भेटतात. त्याच्या डोळ्याच्या मागच्या बाजूला प्रकाश परतवणारा थर असतो. अंधुक उजेडात त्याला दिसतं तसं त्याच्या भक्ष्याला दिसत नाही, म्हणून तो तेव्हा खायला निघतो. जूनमध्ये इथे सूर्य नऊच्या सुमाराला मावळतो. तुम्ही सातला आवरून घरी जाता आणि म्हणता तळ्यात मासाच नाही. दिवसा जायचंच असेल तर वाऱ्याने पाणी डहुळलेल्या बाजूला जा.

तळ्याच्या मध्यावर जाऊन किनाऱ्याकडे फेकणारे, आणि किनाऱ्यावर उभं राहून मध्यावर फेकणारे. यावर मी बोलणं सोडलंय. बास बहुतेक वेळा तुमच्या पायाखालच्या धक्क्याच्या सावलीत असतो.

थंड पाण्यात जळू नेऊ नका, गोळा होऊन बसते. मोसमाच्या सुरुवातीला छोटे जिवंत मासे लावा.

फेकल्यावर रीलची बेल हाताने मिटा, हँडल फिरवून नाही. दोरीतले पीळ बरेच कमी होतात. स्पूल काठोकाठ भरू नका, तीन मिलिमीटर रिकामं ठेवा.

तीस फुटांपेक्षा खोलातून काढलेला वॉलआय परत सोडला तरी बरेचदा जगत नाही, आतली हवेची पिशवी फुगलेली असते. सोडायचेच असतील तर उथळ पाण्यात गरवा.

बोटीचं बूच. पाण्यात उतरताना लावायचं, रस्त्यावर नेताना काढायचं. हा इथला कायदा आहे, शिंपले आणि वनस्पती एका तळ्यातून दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून. उरलेले आमिषाचे मासेही तळ्यात ओतायचे नाहीत, कचऱ्यात. बूच काढायचं विसरणारे दंड भरतात. लावायचं विसरणाऱ्यांना रॅम्पवरचे सगळे लोक ओळखायला लागतात. मी दोन्ही केलंय.

किती मासे, किती इंचांचे ठेवता येतात ते तळ्यागणिक बदलतं. मिल लॅक्सचे नियम तर वेगळेच असतात. निघायच्या आधी त्या वर्षीचं नियमपत्रक बघा, गेल्या वर्षीच्या आठवणीवर जाऊ नका. आणि तुकडे करून घरी नेताना वॉलआयच्या प्रत्येक फिलेवर खवल्यांसकट एक इंचाचा कातडीचा चौकोन ठेवावा लागतो, मासा कोणत्या जातीचा ते तपासनिसाला कळावं म्हणून. आपल्याकडच्या सवयीने सगळं सोलून स्वच्छ केलेत तर अडकाल.

तो चौकोन घरी येऊन काढा. मग या माशाला सुरमईइतका मसाला फासू नका, ही शेवटची चूक. वॉलआयचं मांस पांढरं, नाजूक आणि गोडसर असतं. मीठ, हळद, थोडं तिखट, कोकमाचं आगळ, पंधरा मिनिटं. वर बारीक रवा, तेल जरा सढळ. आणि डोक्याकडचे गालाचे दोन गोळे टाकून देऊ नका. ते मी कोणाला देत नाही, तव्याजवळ उभा राहूनच खातो.